हवेतला चेंडू

डॅरेन मॉक्सली हेडरसाठी उडी मारण्याआधी डावा खांदा किंचित खाली पाडतो. इंग्लंडात ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात आली होती, सांगता येणार नाही. नवा रायपूरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दिवाकर भुसारींना ती ठाऊक होती. मॉक्सलीचे सामने ते चार वर्षं पाहत होते, आणि प्रेक्षकासारखे नाही. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून.

त्यांचं कामच ते होतं. इंग्लंडातल्या खालच्या दोन फुटबॉल लीगमधल्या शनिवारच्या सामन्यांच्या चित्रफिती रविवारी सकाळी या ऑफिसात येत. एकेका सामन्यासमोर एकेक जण बसे आणि चेंडूला झालेला प्रत्येक स्पर्श नोंदवत जाई: कोणाचा, मैदानात कुठे, पायाने की डोक्याने, पुढे काय झालं. याला टॅगिंग म्हणत. नोंदी लंडनच्या एका कंपनीकडे जात, ती त्या क्लबांना विके, आणि कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं हे क्लब त्यावरून ठरवत. ऑफिसात बाकी सगळी पंचविशीतली मुलं होती. फुटबॉल त्यांनी नियमपुस्तिकेतून शिकून घेतला होता. भुसारी साठीचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, तात्यापाऱ्यात राहणारे. तरुणपणी ते रेल्वेच्या संघातून स्ट्रायकर म्हणून खेळत; बदली होईल त्या गावाच्या संघातून. एकतिसाव्या वर्षी संघाच्या यादीत नाव आलं नाही. सोमवारी ते पार्सलच्या खिडकीत बसले आणि पुढची सत्तावीस वर्षं तिथेच बसले. हे ते कोणाला सांगत नसत.

मॉक्सली चौतीस वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी तो एका मोठ्या क्लबच्या युवा संघात होता आणि एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता, बाहेर. मग तिसऱ्या लीगमध्ये दीड हंगाम, त्यातला अर्धा उसनवारीवर दुसऱ्याच क्लबकडे. एका क्लबचं दिवाळं निघालं. एका क्लबात लागोपाठ तीन प्रशिक्षक आले आणि तिघांनीही त्याला वेगवेगळ्या कारणाने बसवून ठेवलं. एकदाच त्याने एका हंगामात सतरा गोल केले, आणि त्याच मे महिन्यात त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. नऊ क्लब, आणि कुठेही दोन हंगामांपेक्षा जास्त नाही. ऑफिसातली मुलं त्याला ‘किरायेदार’, म्हणजे भाडेकरू, म्हणत.

“काका, आपका किरायेदार आज फिर बेंच पे,” शेजारच्या टेबलावरून निधी म्हणायची. तिची आई नागपूरची. निधीला मराठी सगळं कळे, पण तोंडातून हिंदीच येई.

“पाठ दुखून राहिली असन त्याची. तू तुह्या मॅचकडे पाय.”

“मकानमालिक ने सामान बाहर रख दिया तो? जून में एग्रीमेंट खतम है ना?”

“हव, हाय. तं काय झालं?”

पण झालं होतं. वेल्टन नावाच्या गावच्या क्लबशी मॉक्सलीचा करार जूनमध्ये संपत होता आणि चौतीस वर्षांच्या स्ट्रायकरला नवा क्लब मिळणं कठीण असतं, हे भुसारींना माहीत होतं. मॉक्सलीला आणखी एक हंगाम मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. वनमालाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकदा विचारलं होतं की तो गोरा तुमचा कोण लागतो. त्यावर ते म्हणाले होते, “कोनी नाई.” आणि जेवत राहिले होते.

मॉक्सलीचा खेळ जमिनीवरचा होता. गोलकडे पाठ करून तो चेंडू पायात घेई, मागून येणाऱ्या डिफेंडरचं वजन पाठीवर झेली आणि चेंडू बाजूने धावणाऱ्याला देई. यातलं पाठीवर झेलणं नोंदवायला रकाना नव्हता. रकाना होता हेडरला, म्हणजे डोक्याने मारलेल्या चेंडूला. दोन खेळाडू एका चेंडूसाठी हवेत गेले की ती एक झुंज, आणि नियम साधा: ज्याच्या डोक्याचा पहिला स्पर्श, तो जिंकला, दुसरा हरला.

भुसारींच्या मैदानावरचा नियम वेगळा होता. त्यांचे जुने कोच म्हणत, सेंटर हाफने, म्हणजे मधल्या डिफेंडरने, हेडर मारला पण डोळे मिटून मारला, चेंडू कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही, तर ती झुंज तू जिंकलास. तू त्याला हलवलंस. पहिल्या वर्षी भुसारींनी सगळ्यांनाच हा नियम लावला होता, आणि तपासणीत त्यांच्या नोंदी दुरुस्त होऊन परत आल्या. तेव्हापासून ते पुस्तिकेप्रमाणे काम करू लागले. फक्त मॉक्सलीच्या बाबतीत, कराराच्या त्या शेवटच्या हिवाळ्यापासून, त्यांचं बोट जुन्या नियमाने चालू लागलं. हरलेल्या झुंजी ‘जिंकला’ म्हणून लागत, एका सामन्यात दोन, कधी चार.

हे क्षमा ठोंबरेच्या ध्यानात आलं. ती यवतमाळची, संख्याशास्त्रात एम.एस्सी., नोंदींच्या तपासणीची प्रमुख. ती हळू बोलायची आणि आकडे तोंडपाठ असूनही कागद समोर ठेवायची. एप्रिलमध्ये एका दुपारी ती खुर्ची ओढून भुसारींच्या शेजारी बसली.

“काका, मॉक्सलीच्या हेडरच्या झुंजी बघायच्या होत्या.”

“पाय ना.”

“चुका सगळ्यांच्याच होतात. पण त्या दोन्हीकडे होतात. काही जिंकलेल्या हरलेल्या म्हणून लागतात, काही हरलेल्या जिंकलेल्या म्हणून. तुमच्या मॉक्सलीच्या चुका एकाच बाजूच्या आहेत.”

भुसारींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “त्यानं त्या डिफेंडरले हलवलं हाय. तू पाय ना तो बॉल कुठं गेला. मैदानाबाहेर गेला.”

“पहिला स्पर्श कोणाचा?”

“डिफेंडरचा.”

“मग?”

“मंग काय मंग? तीन मॅची राहिल्या त्याच्या. कोनाचं नुकसान होऊन राहिलं, सांग बरं मले. तुह्यं? कंपनीचं?”

“माहीत नाही,” क्षमा म्हणाली. “कोणाचं होईल ते माहीत नसतं, म्हणूनच दुरुस्त करायचं असतं.”

तिने रीतसर मॅनेजरला कळवलं. निरंजन हा मॅनेजर पुण्याहून आलेला, सतत फोनवर असणारा. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं की दुरुस्ती म्हणजे किती काम. क्षमाने सांगितलं की वेल्टनचे हिवाळ्यापासूनचे सगळे सामने पुन्हा उघडावे लागतील आणि लंडनला तसं लेखी कळवावं लागेल. निरंजन हसला. “एका म्हाताऱ्या स्ट्रायकरच्या हेडरसाठी? क्षमा, पुढच्या वर्षी हा माणूस कुठल्यातरी पबमध्ये बिअर ओतत असेल. सोड.” क्षमाने आपली हरकत नोंदवून ठेवली आणि सोडलं. भुसारींना हे कळलं तेव्हा त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी कँटीनमधून भजी मागवली.

जुलैमध्ये बातमी आली. ऑर्मस्लेच्या क्लबने मॉक्सलीला घेतलं होतं, आणि एका नव्हे, दोन वर्षांच्या करारावर. त्यांचा प्रशिक्षक संघ आकड्यांवर निवडतो असं स्वतःच सांगत असे. मुलाखतीत तो म्हणाला, या लीगमध्ये हवेतले चेंडू मॉक्सलीइतके कोणी जिंकत नाही. लोकांना वाटतं तो संपला, पण आम्ही आकडे बघतो.

निधीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. भुसारींनी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. क्षमा आपल्या टेबलावर मान खाली घालून बसली होती. तिने वाचून झाल्यावरही मान वर केली नाही.

आकड्यांची अशी वाहवा झाल्यावर लंडनहून आभाराचं पत्र आलं, त्यात पुढच्या तीन वर्षांचं काम देण्याचं आश्वासन होतं. निरंजनने सत्कार ठेवला. दर रविवारी एवढ्या काळजीने वेल्टनचे सामने टॅग करणारे आपले भुसारी काका, असं म्हणून त्याने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि सगळ्यांना उभं करून फोटो काढला.

घरी वनमालाबाईंनी शाल हाताने चाचपून पाहिली. “नारळ देला म्हनते! काढून टाकलं का काय तुमाले?”

“माह्या हातानं त्याची नोकरी लागली, वनमाला.”

“कोनाची?”

“दोन वर्षं. या वयात दोन वर्षं कोन देते?” ते बराच वेळ दारातच उभे होते. चपला काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला. पहिल्या रविवारी भुसारी ऑफिसच्या गाडीची वाट न पाहता ऑटोने ऑफिसला गेले आणि ऑर्मस्लेचा सामना मागून घेतला. अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात आलं. ऑर्मस्लेचा संघ चेंडू जमिनीवरून खेळतच नव्हता. गोलकीपर, दोन्ही सेंटर हाफ, सगळे चेंडू उचलून थेट मॉक्सलीच्या डोक्याच्या दिशेने मारत होते. त्याच्यासाठीच तशी आखणी केली होती. मॉक्सली धावून पुढे येई, पायात पास मागत हाताने जमीन दाखवी. चेंडू वरून येई. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याहून वीतभर उंच आणि दहा-बारा वर्षांनी लहान डिफेंडर असत. खांदा खाली पडे, मग तो उडे, आणि पहिला स्पर्श दुसऱ्याचा होई.

आता क्षमाने त्याच्या नोंदींवर दुहेरी तपासणी लावली होती. भुसारी पुस्तिकेप्रमाणे कळ दाबत. हरला. हरला. हरला. सप्टेंबरपर्यंत घरच्याच प्रेक्षकांनी त्याच्या नावाने ओरडायला सुरुवात केली होती. चित्रफितीत ते ऐकू येई.

“काका, किरायेदार को छत पे कमरा मिला है,” निधी म्हणाली. “नीचे उतरने ही नहीं देते.”

भुसारींनी हेडफोन काढून ठेवला आणि क्षमाच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

“त्याहीनं त्याले त्याच्या डोक्यासाठी घेतलं.”

“हो.”

“माह्या आकड्यांनं.”

“हो, काका.” तिने आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. “खरे आकडे गेले असते तर त्याला कोणी घेतलं नसतं. किंवा एखाद्या लहान क्लबने, त्याच्या पायांच्या खेळासाठी, घेतलं असतं. यातलं कोणतं झालं असतं ते आता काढता येत नाही.”

“आता पाठव ना खरे. मागच्या वर्षीचे. म्हन का चूक झाली.”

“माझ्या हातात नाही. निरंजनसरांना सांगा. मी आधीच सांगितलं होतं.”

ते गेले. निरंजनच्या काचेच्या खोलीत उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं: जुना नियम, हिवाळा, कोणत्या सामन्यात काय केलं. इतकी वर्षं पार्सलच्या खिडकीवर त्यांनी कधी कोणाला असं हात जोडून सांगितलं नव्हतं. निरंजनने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

“काका, तुमची शाल परत घेऊ का?”

“घ्या ना. घ्या.”

“शाल जाऊ द्या. त्या एका ट्रान्स्फरवर मी तीन वर्षांचं काँट्रॅक्ट घेतलंय. या मजल्यावरची सगळी पोरं त्यावर पगार घेतात. आता लंडनला सांगू, की आमच्या काकांना एक खेळाडू आवडायचा म्हणून त्यांनी त्याला मार्क वाढवून दिले?” त्याने दार उघडून धरलं. “आणि त्याला दोन वर्षं पगार मिळतोय. तुम्हाला हेच हवं होतं ना?”

भुसारींनी मान हलवली. हवं होतं, हे खरंच होतं.

नोव्हेंबरच्या एका सामन्यात कॉर्नरचा चेंडू गोलच्या लांबच्या खांबाकडे आला. मॉक्सलीने या वेळी धाव वेळेवर घेतली आणि तो सगळ्यांच्या आधी वर गेला. चेंडू त्याच्या कपाळाला लागला आणि त्याच क्षणी मागून आलेल्या डिफेंडरचं डोकं त्याच्या कानामागे आदळलं. तो पडला, पण पडताना त्याने हात पुढे केले नाहीत. जमिनीवर त्याचे दोन्ही हात कोपरात अर्धे वाकून हवेत ताठ राहिले, जणू कोणी उचलून धरले आहेत. मेंदूला जोराचा धक्का बसला की असं होतं. भुसारींना कारण माहीत नव्हतं. त्यांनी चित्र थांबवलं, तर हात तसेच. पुढे नेलं, तरी हात तसेच. मग स्ट्रेचर आलं.

त्यांच्याकडून नोंद पुढे सरकेना, तेव्हा क्षमा येऊन मागे उभी राहिली. तिने फीत मागे नेली, एकेक चित्र पुढे सरकवलं.

“पहिला स्पर्श त्याचा आहे. जिंकला.”

“पोरी, तू पाय ना त्याचे हात.”

“बघितले. तुम्ही घरी जा आज. हा मी पुरा करते.” आणि खुर्चीवर बसून तिने ती झुंज ‘जिंकला’ अशी नोंदवली, कारण तो जिंकला होता.

डिसेंबरच्या शेवटी मॉक्सली परत आला. कानामागे केस काढलेला पट्टा दिसत होता. क्लबच्या संकेतस्थळावर त्याची छोटी मुलाखत होती: मी ठीक आहे, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, मला फक्त खेळायचं आहे. पहिल्याच मिनिटाला चेंडू त्याच्याकडे उंच आला. तो उडाला, पण या वेळी डोळे मिटून आणि मान आत ओढून. भुसारींनी ते मोठं करून पाहिलं. मागच्या चार वर्षांत त्याने डोळे मिटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. वनमालाबाई म्हणाल्या, “सोडून द्या ना ते काम. पेन्शन हाय आपली.”

“मी सोडलं तं दुसरा कोनी बसन तिथं.”

“बसू द्या.”

“त्याले काय समजन?”

महिनोन्महिने चूक न सापडल्याने क्षमाची दुहेरी तपासणी आता उठली होती. पुढच्या रविवारपासून त्यांचं बोट पुन्हा पुस्तिकेबाहेर चालू लागलं, आता उलट्या दिशेने. प्रशिक्षक आकडे बघतो. आकडे वाईट दिसले तर तो मॉक्सलीला बसवेल. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर कोणी चेंडू मारत नाही, आणि करार आहे तोवर पगार येतच राहतो. मॉक्सली अधूनमधून झुंज जिंकत होता. भीतीनेही माणूस कधी कधी उंच उडतो. भुसारी कळ दाबत: हरला. शेजारी निधी काहीतरी चघळत आपल्या सामन्यात गढलेली असे.

जानेवारीत दोन सामने त्याला बदली खेळाडू म्हणून ठेवलं. मुलाखतीत प्रशिक्षक म्हणाला, डॅरेनचे आकडे घसरले आहेत, बघू. भुसारींनी ते वाचून कागदी कपातला चहा एका दमात संपवला. त्या आठवड्यात ते निधीशी दोनदा हसून बोलले. एकदा तर त्यांनी तिला उभं राहून दाखवलं की मागून येणारा डिफेंडर पाठीवर कसा झेलायचा, आणि अख्खी रांग काम थांबवून पाहत राहिली.

मग क्षमा खुर्ची ओढून शेजारी बसली. तिने पडद्यावर एक झुंज उघडली, मग दुसरी, मग तिसरी.

“या सगळ्यात पहिला स्पर्श मॉक्सलीचा आहे.”

“दिसला नाई मले.”

“दिसला. या जागी तुम्ही फीत तीनदा मागे नेली आहे. मशीनमध्ये ते राहतं.”

भुसारींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “क्षमा, राहू दे. हरलाच म्हन त्याले. तो कोच पायते हे. बसवून ठेवन बाहेर. तीन-चार महिने अजून, मंग हंगाम संपला. डोकं वाचन त्याचं.”

“त्याला खेळायचंय. त्याने सांगितलंय.”

“मले बी खेळाचं होतं,” भुसारी म्हणाले. “कोनी मले बसवलं म्हनून चालतो मी आज. दोन पायांनं चालतो.”

हे त्यांनी पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. क्षमाने ऐकून घेतलं. तिचे हात कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना सपाट ठेवलेले होते. तिला वाईट वाटलं असावं; पण तिच्यासाठी तो प्रश्न वेगळा होता आणि नोंद वेगळी.

“काका, मागच्या एप्रिलमध्ये मी हेच सांगत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, कोणाचं नुकसान आहे. आता तुम्ही म्हणता, त्याचं भलं आहे. दोन्ही वेळी ठरवलं तुम्हीच.”

“मंग कोनी ठरवाचं?”

“तो जिंकला की हरला, एवढंच आपलं काम.”

तिने तिथेच बसून पहिली नोंद बदलली. जिंकला. मग दुसरी. भुसारींनी हात पुढे करून माउसवर ठेवला, तिच्या हातावर नाही, माउसवर. क्षमाने हात मागे घेतला आणि थांबली. तिने कोणाला बोलावलं नाही. थोड्या वेळाने भुसारींनी स्वतःच हात काढून मांडीवर ठेवला. तिने तिसरी नोंद बदलली, मग आधीच्या सामन्यांतल्या, आणि शेवटी या वेळी लंडनला लेखी कळवलं, कारण नव्या नियमाने चालू हंगामातल्या दुरुस्तीला आता निरंजनची सही लागत नव्हती. लंडनने ऑर्मस्लेला कळवलं की एका चुकीमुळे डॅरेन मॉक्सलीचे आकडे कमी दिसत होते. प्रत्यक्षात ते बरे होते.

शनिवारी मॉक्सलीचं नाव पहिल्या अकरात होतं.

भुसारींनी सामना दुसऱ्या कोणाला द्या म्हणून विचारलं होतं. क्षमाने सांगितलं की मॉक्सलीच्या हालचाली ओळखण्यात त्यांच्याइतका बिनचूक दुसरा कोणी नाही, आणि नोंदी आता ती स्वतः तपासणार आहे, तेव्हा काळजी नसावी. रविवारी सकाळी फीत आली. तिकडे मैदानावर दव गोठलेलं होतं आणि गोलसमोरची जागा पांढरी दिसत होती. तिसऱ्या मिनिटाला ऑर्मस्लेच्या गोलकीपरने चेंडू हातातून सोडून उंच मारला.

भुसारींनी चित्र थांबवलं. चेंडू पडद्याच्या वरच्या कडेबाहेर होता. मॉक्सली त्याच्याखाली येऊन उभा राहत होता, मान वर करून, आणि दोन्ही बाजूंनी दोघे जण त्याच्याकडे निघाले होते.

“काका,” निधी म्हणाली, “आगे बढ़ाइए ना. लंच से पहले देना है.”

त्यांनी पुढे नेलं.